एकोणसाठनं भाग जातो

आमच्या घरात माणसाला नाव नंतर मिळतं, आकडा आधी. ही आजोबांची पद्धत. ते शाळेत गणित शिकवायचे, आणि निवृत्त झाल्यावर त्यांनी शिकवणं काही थांबवलं नाही, फक्त शाळेतल्या मुलांची सुटका झाली आणि आम्ही सापडलो.

आकड्याची रीत सोपी आहे. घाबरू नका, मला कळली म्हणजे कुणालाही कळेल. ज्या संख्येला एक आणि ती स्वतः सोडून कशानंच भाग जात नाही, ती मूळ संख्या. दोन, तीन, पाच, सात, अकरा, तेरा अशा. आता ओळीनं एकेक मूळ संख्या घ्यायची, सगळ्यांचा गुणाकार करायचा आणि वर एक मिळवायचा. नुसत्या दोनात एक मिळवला की तीन, हे आजोबा. दोन त्रिक सहा आणि एक सात, ही आजी. ती आता नाही, पण तिचा आकडा दुसऱ्या कुणाला दिलेला नाही. मग पाच गुणून घेतले की एकतीस, हे बाबा. सात घेतले की दोनशे अकरा, ही आई, तिला तिचा आकडा लग्न होऊन घरात आली त्या दिवशी मिळाला. अकरा घेतले की दोन हजार तीनशे अकरा, हा दादा. आणि तेरा घेतले की तीस हजार एकतीस.

तीस हजार एकतीस म्हणजे मी.

आजोबांच्या मते असा आकडा मूळच असणार, त्याला इलाजच नाही. दोननं भागा, एक उरतो. तीननं भागा, एक उरतो. तेरानं भागा, तरी तो वर मिळवलेला एक काही केल्या जात नाही. "मग भागणार कोण?" आजोबा टेबलावर बोट आपटून विचारायचे, आणि स्वतःच उत्तर द्यायचे, "कुणाच्या बापाची हिंमत नाही!"

हे आकडे आमच्याकडे सगळीकडे आहेत. बाथरूममध्ये टॉवेलच्या खुंट्यांवर आहेत, डब्यांच्या झाकणांवर आहेत. आई वैतागली की बाबांना "अहो एकतीस" म्हणते. मला हाक मारायची तर सगळा आकडा घेईपर्यंत मी घराबाहेर पडलेली असायचे, म्हणून माझं झालं तीसहजार. मी गणितात दोनदा नापास झाले आहे. बाबा शाळेत गणित शिकवतात, आई कॉलेजात शिकवते, दादा विमा कंपनीत बसून माणसं किती जगतील याचे हिशोब करतो, आणि मी स्वेटर विणते. जेवताना गणिताच्या गप्पा सुरू झाल्या की मी पाणी आणायला उठायचे. पण घरातला सगळ्यात मोठा आकडा माझा होता आणि त्याला कुणी भागू शकत नव्हतं, एवढ्या भांडवलावर मी मान ताठ ठेवून होते. पुढे वहिनी आली, तिला पाच लाख दहा हजार पाचशे अकरा मिळाला. ती दातांची डॉक्टर. "एवढे दात मी जन्मात उपटणार नाही," म्हणाली आणि आकडा विसरून गेली. त्यामुळे मान माझाच राहिला.

तर त्या दिवशी संध्याकाळी आजोबांचं व्याख्यान होतं. गणित शिक्षक मंडळाचे ते सगळ्यात जुने सभासद, पण आजवर त्यांना कुणी व्यासपीठावर बोलावलं नव्हतं. यंदा बोलावलं. विषय त्यांनीच दिला होता, 'माझ्या घरातल्या मूळ संख्या'. गेला आठवडाभर ते आरशासमोर उभं राहून भाषण करत होते आणि आरसा टाळ्या वाजवत नाही म्हणून नाराज होत होते. पहिल्या रांगेत विद्यापीठातले दाढीवाले प्राध्यापक बसणार होते. हे गृहस्थ मोठे विद्वान आणि जिभेनं तिखट. मागच्या वर्षी त्यांनी एका वक्त्याला एकच प्रश्न विचारला होता आणि तो बिचारा चहासुद्धा न घेता घरी गेला होता.

हॉलमध्ये थंडी वाजते म्हणून मी आजोबांसाठी मफलर विणायला घेतला होता. माझं दुकान म्हणजे एक खोली, एक काउंटर, भिंतीला लोकरीच्या लडींचे कप्पे आणि खिडकीपाशी विणायचं मशीन. मशीनला साठ सुया. शेवटची वाकलेली आहे. ती बदलायची असं मी कधीची म्हणतेय, पण माझं म्हणणं आणि माझं करणं यांची गाठभेट क्वचितच होते. म्हणून माझा मफलर साठ टाक्यांचा नसतो, एकोणसाठचा असतो. आजवर कुणी तक्रार केलेली नाही.

ओळी घालायच्या होत्या पाचशे दहा. दुपारी पाचशे नऊ झाल्या आणि बघते तर लोकर संपत आलेली. आणखी एक ओळ घातली असती तर टाके बंद करायला धागा उरला नसता, आणि त्या करड्या रंगाची दुसरी लड दुकानात नव्हती. मी आहे तिथेच थांबले आणि टाके बंद केले.

मग नेहमीचं काम. काहीही विणून झालं की मी त्याचे एकूण टाके काढते आणि तागडीत टाकून वजन बघते. हजार टाक्यांना किती लोकर लागली ते कळतं, पुढची लोकर मागवायला बरं पडतं. एकूण टाके म्हणजे रुंदीचे टाके गुणिले ओळी. कॅल्क्युलेटरवर मी एकोणसाठ दाबले, गुणिले दाबलं, पाचशे नऊ दाबले.

तीस हजार एकतीस.

मला आधी हसूच आलं. रस्त्यात अचानक आपल्याच चेहऱ्याचं माणूस समोर यावं तसं झालं. मग वाटलं, बटण चुकलं. पुन्हा दाबलं, तेच. उलटं करून पाचशे नऊ गुणिले एकोणसाठ केलं, तेच. कॅल्क्युलेटर उलटा करून दोन थापट्या मारल्या आणि परत केलं, तरी तो आपल्या म्हणण्यावर ठाम. शेवटी एका लेबलच्या मागे पेन्सिलीनं हातचे घेऊन गुणाकार केला, शाळेत करायचे तसा, जीभ बाहेर काढून. तेच आलं.

"मला भाग जातो!" मी किंचाळले.

दुकानात मी एकटी नव्हते. शेजारच्या सलूनवाल्या बाई बंद गळ्याचा स्वेटर घालून बघत होत्या आणि त्यांचं डोकं अजून बाहेर आलं नव्हतं. "काय जातं?" स्वेटरच्या आतून आवाज आला.

"भाग! मला एकोणसाठनं भाग जातो!"

"अगं मग डॉक्टरला दाखव ना! पण आधी मला ह्यातनं काढ."

मी त्यांना ओढून बाहेर काढलं, त्यांच्या विस्कटलेल्या केसांसकट त्यांना मिठी मारली आणि काउंटरभोवती दोन गिरक्या घेतल्या. त्याही माझ्याबरोबर फिरल्या, का फिरतोय ते न विचारता, हा त्यांचा मोठेपणा. मला इतका आनंद झाला होता की तो कशाचा ते मलाच सांगता येत नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा मला गणितातलं असं काहीतरी सापडलं होतं जे आमच्या घरात कुणालाच माहीत नव्हतं. मी दुकानाला कुलूप लावलं, मफलर काखोटीला मारला आणि घराकडे पळत सुटले.

अर्ध्या रस्त्यात मी थबकले. आजोबा संध्याकाळी दाढीवाल्यांच्या समोर उभे राहून सांगणार होते की तीस हजार एकतीस ही मूळ संख्या आहे.

घरी स्वयंपाकघरात सगळे जमलेले होते. आजोबा आतल्या खोलीत आरशाला भाषण देत होते. मी दार लोटून घेतलं आणि एका दमात सगळं सांगून टाकलं.

"शक्य नाही," बाबा म्हणाले आणि लगेच वर्तमानपत्राच्या कडेला भागाकार मांडला. "तीनशेला एकोणसाठनं भागू. एकोणसाठ पंचे दोनशे पंच्याण्णव, उरले पाच. तीन खाली घेतला, त्रेपन्न झाले, भाग जात नाही, वर शून्य. एक खाली घेतला, पाचशे एकतीस. एकोणसाठ नव्वे..." इथे बाबांचा आवाज एकदम बारीक झाला. "पाचशे एकतीस."

बाकी शून्य. आम्ही सगळे त्या शून्याकडे बघत राहिलो.

"तुम्ही हिचा आकडा कधी तपासलाच नव्हता?" आईनं विचारलं.

"मी कशाला तपासू? आजोबा सगळ्यांचे आकडे स्वतः हातानं भागून बघतात, हे मी लहानपणापासून बघतोय. तूच का नाही बघितलास? कॉलेजात शिकवतेस."

"वा! सुनेनं सासऱ्यांनी दिलेला आकडा भागून बघायचा? नव्या नवरीनं?"

"ही झाली तेव्हा तू नवी नवरी होतीस?"

"तोवर न बघायची सवय लागली होती," आई म्हणाली.

"मला वाटलं, तुम्ही दोघांनी बघितला असेल," दादा म्हणाला. पण त्याचं लक्ष नव्हतं. त्यानं माझी पेन्सिल पळवली होती आणि तो पुटपुटत होता, "तेरा नाही... सतरा नाही... एकोणीस नाही... बाबा, मी तरी मूळ आहे ना?"

आईनं तोवर डोकं शांत ठेवून चूक शोधली. ती म्हणाली, "आजोबांचा अर्धा भाग बरोबर आहे. तेरापर्यंतची कुठलीच मूळ संख्या हिला भागत नाही. पण तेराच्या पुढे मूळ संख्या संपल्या का? सतरा आहे, एकोणीस आहे, एकोणसाठ आहे. त्यांच्यातली एखादी आत लपून बसलेली असू शकते. पहिल्या पाच आकड्यांत कुणी लपलेलं निघालं नाही, म्हणून आपण समजलो की कधीच कुणी नसणार."

"सत्तेचाळीसपर्यंत बघितलं, त्यापुढे बघायची गरजच नाही! मी शाबूत आहे!" दादा ओरडला.

"आणि मी?" वहिनीनं विचारलं. आजवर तिनं आकड्याची चौकशी केल्याची ही पहिलीच वेळ.

आईनं वर्तमानपत्राची दुसरी कडा घेतली. पाच लाख दहा हजार पाचशे अकरा. एकोणीसनंच भाग गेला. उरलेल्या आकड्याशी बाबा आणि दादा दोन्ही बाजूंनी भिडले आणि थोड्या वेळानं तोही पडला, सत्त्याण्णव गुणिले दोनशे सत्त्याहत्तर. "तुझे तर तीन तुकडे झाले गं," आई म्हणाली.

"म्हणजे आई, तुम्हाला एका सुनेत तीन सुना मिळाल्या!" वहिनी म्हणाली आणि हसायला लागली. हसता हसता तिला उचकी लागली. त्या उचकीला दादा हसला, दादाला बघून मी हसले, आणि बाबा, जे सहसा हसताना तोंडावर रुमाल धरतात, ते रुमाल शोधत ओट्याला टेकून खाली बसले.

तेवढ्यात आतून आजोबांचा आवाज आला. "आणि मित्रहो, आता मी माझ्या धाकट्या नातीकडे वळतो!"

आमचं हसू जागच्या जागी थिजलं. एकट्या वहिनीची उचकी तेवढी चालू राहिली.

"सांगायचं नाही," बाबा हलक्या आवाजात म्हणाले. "सांगितलं तर ते जाणारच नाहीत. आठवडाभर झोपलेले नाहीत ते आनंदानं."

"आणि नाही सांगितलं तर दाढीवाले त्यांना सोलून काढतील," मी म्हणाले.

मग बाबांनी बेत केला. घरातले सगळ्यात शहाणे लोक एकत्र बसले की जसा होतो तसाच तो होता. दादानं माइकवाल्याच्या शेजारी बसायचं. आजोबा दोन हजार तीनशे अकरापर्यंत आले की बाबा जोरात खोकतील. खोकला ऐकला की दादानं माइक बंद करायचा. माइक गेला म्हणून गडबड उडाली की आईनं उठून टाळ्या वाजवायच्या, म्हणजे लोकांना वाटेल भाषण संपलं.

"आणि मग?" वहिनीनं विचारलं.

"मग चहा," बाबा म्हणाले.

मला ते पटेना. माझाच आकडा, सापडला मलाच, आणि तो लपवायला सगळं घर खोकणार? मी सरळ आजोबांच्या खोलीत गेले. आजोबा कोट घालून तयार होते. केस पाण्यानं चापून बसवलेले, गाल घोटून गुळगुळीत केलेले. मला बघताच म्हणाले, "ये, ये तीसहजार! शेवट ऐक. तुझ्यावरच संपवतोय." आणि त्यांनी हात पसरून म्हणून दाखवलं, "ही माझी धाकटी नात. हिला भागणारा अजून जन्माला यायचाय!"

"आजोबा," मी म्हणाले, "मला काहीतरी सांगायचंय."

"कसा वाटला शेवट?"

ते फार खुशीत होते. मी मफलर त्यांच्या गळ्यात घातला. "हा मी विणलाय. ह्याचं जरा... म्हणजे ह्याच्या टाक्यांचं..."

"ऊबदार आहे," आजोबा म्हणाले, आणि मफलरचं टोक कोटात खोचून बाहेर पडले.

गाडीत आम्ही एकमेकांच्या मांडीवर बसल्यासारखे बसलो होतो. मी दोनदा तोंड उघडलं. पहिल्यांदा बाबांनी माझ्या पायावर पाय दिला. दुसऱ्यांदा वहिनीनं उचकी दिली आणि आजोबांनी तिला सगळा रस्ताभर उचकीवरचे उपाय सांगितले.

हॉल भरलेला होता. शाळेतले शिक्षक, निवृत्त शिक्षक, आणि पहिल्या रांगेत मधोमध दाढीवाले, हाताची घडी घालून. आजोबा व्यासपीठावर चढले तेव्हा त्यांचे जुने विद्यार्थी, जे आता स्वतः टकले झालेले होते, उभे राहिले. आजोबांनी त्यांना हातानं खाली बसवलं, जसं वर्गात बसवत असतील, आणि सुरुवात केली.

काय सुंदर बोलले ते! आजीचा सात सांगताना त्यांनी तिच्या स्वयंपाकाची, कपाळावरच्या आठ्यांची आणि त्यांच्याशी धरलेल्या अबोल्याची अशी काही नक्कल केली की बायका डोळे पुसत हसत होत्या. बाबांचा एकतीस झाला. आईचा दोनशे अकरा झाला. दाढीवाल्यांनी घडी घातलेले हात सोडले होते आणि ते चक्क दाढीत हसत होते. पण लोक जितके त्यांच्यावर लोभ करायला लागले होते तितकी पुढे होणारी फजिती मोठी होणार होती.

"दोन हजार तीनशे अकरा!" आजोबा म्हणाले.

बाबा खोकले. इतके मनापासून खोकले की दोन रांगा मागचे एक गृहस्थ धावत पाण्याचा ग्लास घेऊन आले आणि त्यांच्या पाठीवर थापा मारायला लागले. दादानं माइकचं बटण बंद केलं. माइकवाल्यानं चालू केलं. दादानं पुन्हा बंद केलं. माइकवाल्यानं त्याचा हात धरला. आईनं उठून टाळ्या वाजवल्या. एकटीनंच. कुणीतरी "ताई, बसा" म्हणालं.

आजोबा भाषण थांबवून आमच्याकडे टकमक बघत होते. माझ्यानं राहवेना. मी उभी राहिले आणि वर्गात करतात तसा हात वर केला.

"आजोबा, तुमच्या गळ्यात मफलर आहे ना, तो रुंदीला एकोणसाठ टाके आहे."

"बरं," आजोबा म्हणाले.

"आणि ओळी आहेत पाचशे नऊ."

आजोबांना कागद लागत नाही. त्यांनी डोळे मिटले आणि माइक चालू होता म्हणून सगळ्या हॉलला त्यांचं पुटपुटणं ऐकू आलं. "पाचशे नऊ गुणिले साठ, तीस हजार पाचशे चाळीस. त्यातून पाचशे नऊ काढले की..."

ते थांबले. त्यांनी डोळे उघडले, चष्मा काढला, परत घातला. हॉलमध्ये चुळबुळ सुरू झाली, कारण तिथे सगळेच हिशोब करणारे बसले होते. मला वाटलं, मी माझ्या हातानं माझ्या आजोबांना भर सभेत खाली पाडलं. मला रडू फुटायच्या बेतात होतं.

आणि आजोबा हसले. आधी नुसते खांदे हलले, मग पोट हललं, मग त्यांनी मफलर गळ्यातून काढला आणि डोक्यावर धरून झेंड्यासारखा फडकवला. "मित्रहो, मी तुम्हाला आत्ता सांगणार होतो की ह्या पोरीला कुणी भागू शकत नाही! आणि तिला भागणारा गळ्यात घालून मी इथे आलोय!" हॉल फुटला. दोन टकले विद्यार्थी वर धावले, त्यांनी मफलरची दोन टोकं धरून तो ताणला, आणि आजोबा कोटाच्या बाह्या सरसावून टाके मोजायला लागले. प्रेक्षक त्यांच्याबरोबर मोठ्यानं मोजत होते. एकोणसाठ झाले तेव्हा अशा टाळ्या पडल्या की माइकवाल्यानं स्वतःहून माइक बंद केला. वहिनी खुर्चीवर उभी राहून सांगत होती की तिचे तीन तुकडे झालेत, आणि ती दातांची डॉक्टर आहे, आणि कुणाला दाखवायचं असेल तर क्लिनिक रोज उघडं असतं. आजोबांनी मला वर ओढून घेतलं. माझ्या हातात खडू दिला आणि फळ्यावर भागाकार करून दाखव म्हणाले. मी केला. एकोणसाठ नव्वेला अडखळले, तर अख्ख्या हॉलनं मला उत्तर सांगितलं.

टाळ्या थांबल्यावर दाढीवाले उठले. त्यांचा आवाज मऊ होता, पण त्यांना ओळखणारे खुर्चीत सावरून बसले. "गुरुजी," ते म्हणाले, "आधीचे आकडे तुम्ही हातानं भागून तपासलेत, असं तुम्हीच आत्ता सांगितलंत. अगदी दोन हजार तीनशे अकरासुद्धा. मग हा का नाही तपासला? एकोणसाठपर्यंत यायचं होतं फक्त."

बाबांनी खोकायला तोंड उघडलं आणि मिटलं. मी आजोबांच्या शेजारीच उभी होते. त्यांचं हसू ओसरलेलं मला दिसलं. त्यांनी मफलर दोन्ही हातांत धरला होता.

"तपासत होतो," आजोबा म्हणाले. "हिच्या वेळी मी हॉस्पिटलच्या बाकावर बसलो होतो. आत हिची आई, बाहेर मी, मांडीवर कागद. सतरापासून सुरुवात केली होती. सतरा, एकोणीस, तेवीस, असा एकेक करत त्रेपन्नपर्यंत आलो. त्रेपन्ननं भागलं, तेहेतीस उरले. अजून आठवतंय मला, तेहेतीस. पुढचा एकोणसाठच घ्यायचा होता."

"मग?" दाढीवाल्यांनी विचारलं.

"मग दार उघडलं, आणि नर्सनं हिला माझ्याकडे दिलं," आजोबा म्हणाले. "एवढीशी होती. दोन्ही हात लागले धरायला. पेन्सिल खाली पडली, ती मी पुन्हा उचललीच नाही, नातसुनेच्या वेळीसुद्धा नाही."

दाढीवाल्यांनी आपल्या कोटाच्या खिशातली पेन्सिल काढली, व्यासपीठाच्या पायरीवर चढून ती आजोबांपुढे धरली, आणि मग ते खाली बसले. आजोबांनी ती घेतली नाही. मी रडत होते, आणि त्यांचे दोन्ही हात माझ्या खांद्यांवर होते.